अशील कोण?

अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी माणसाला पहिला वकील बहुधा त्याची कंपनीच देते. त्याची निवड आपण केलेली नसते, फी आपल्या खिशातून गेलेली नसते आणि बऱ्याचदा त्याचा आवाजही कानावर पडलेला नसतो. येते ती त्याच्या ऑफिसातल्या पॅरालीगलची ई-मेल : पासपोर्टची सगळी पानं स्कॅन करून पाठवा, कोरी पानंसुद्धा. एवढ्या ओळखीवर माणसं घरदार, मुलांच्या शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांकडे जाण्या-येण्याचे बेत, सगळं त्याच्यावर सोपवतात.

पुढच्या वादातली आत्या आणि भाचा ही पात्रं मी रचली आहेत. त्यांच्या तोंडची कायद्याची माहिती रचलेली नाही. भाचा पुण्याहून एम.एस.साठी गेला, आठ वर्षं एच-१बीवर आहे आणि कंपनीने त्याला नुकतंच काढलं आहे. त्याची बायकोही एच-१बीवर, तिची नोकरी शाबूत. आत्या न्यू जर्सीत, एडिसनला, एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसातून पॅरालीगल म्हणून निवृत्त झालेली.

भाचा : आत्या, हे वाच. ज्या वकिलाने माझा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज केला त्यालाच विचारलं, आता माझ्यापुढे पर्याय काय? उत्तर काय, तर आम्ही कंपनीचे प्रतिनिधी, आपण स्वतंत्र सल्ला घ्यावा. इतकी वर्षं मी याला पगाराच्या पावत्या, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला पाठवतोय. आता म्हणे ओळख नाही!

आत्या : त्याने खरं तेच सांगितलं. उशिरा सांगितलं, एवढंच.

भाचा : म्हणजे तो माझा नव्हताच?

आत्या : फार तर अर्धा होता. एच-१बीचा अर्ज कंपनीचा, आय-१४० पण कंपनीचा. तू त्यातला लाभार्थी. पुष्कळ वकील कंपनी आणि कर्मचारी दोघांनाही अशील मानतात. सगळं सुरळीत आहे तोवर दोघांचं हित एकच असतं. कंपनीने तुला काढलं की ते दोन दिशांना जातं आणि वकील ज्याच्याकडून पुढची कामं यायची त्याच्याकडे जातो. सुरुवातीला तुझ्याकडून एका पत्रावर सही घेतली असेल, त्यात हे बहुतेक लिहिलेलं असणार.

भाचा : सही केली. वाचलं कोणी? आणि गंमत बघ, कंपनीनेच पैसे द्यायचे हा सरकारचाच नियम. पर्म, म्हणजे ग्रीन कार्डाआधी लागणारं कामगार खात्याचं प्रमाणपत्र, त्याचा खर्च कर्मचाऱ्याने द्यायचा नाही.

आत्या : १६ जुलै २००७ पासून. त्याआधी कंपन्या वकिलाची फी पोरांच्या पगारातून वळती करून घ्यायच्या, म्हणून आणला तो नियम. हेतू चांगलाच होता. पण तुझ्या पैशाने फक्त तुझ्यासाठी वेगळा वकील करायला त्यात मनाई नाही. करत कोणी नाही. जी-२८ नावाचा फॉर्म असतो, आपल्याकडचं वकीलपत्र समज. वकील कोणातर्फे उभा आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. तुझ्या आय-१४०बरोबरचा जी-२८ पाहिलास कधी?

भाचा : माझ्याकडे आय-१४०चीच प्रत नाही. कंपनी म्हणते, तो आमचा कागद.

आत्या : माहितीच्या कायद्याखाली तुझी फाइल माग. वेळ लागतो, पण मिळते. आणि तो मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील तर कंपनीने मागे घेतला तरी ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुझी तारीख जात नाही. २०१७ पासून तसा नियम आहे.

भाचा : हे मला ठाऊक होतं! आणि ते कुठल्या वकिलाने सांगितलं नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. तेच तर म्हणतोय मी. नियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, फॉर्म आहेत, फॉर्मच्या सूचना आहेत. वकील म्हणजे महागडा लेखनिक. आता मी एच-४वर जाणार, बायकोच्या व्हिसावर. आय-५३९ फॉर्म मी स्वतः भरणार. साठ दिवस आहेत हातात.

आत्या : साठ दिवस कधीपासून मोजतोस?

भाचा : कंपनी आणखी तीन महिन्यांचे पैसे देतेय. ते संपले की...

आत्या : नोकरीचा शेवटचा दिवस कोणता होता? सेव्हरन्स म्हणजे नोकरी नव्हे. ते पैसे येत राहिले तरी दिवस थांबत नाहीत. आणि बायकोचा आय-९४ कधी संपतो?

भाचा : तिची पिटिशन २०२७ पर्यंत मंजूर आहे.

आत्या : पिटिशन नव्हे, आय-९४.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या जागी फार जण फसतात. व्हिसाचा शिक्का, पिटिशनची मंजुरी आणि आय-९४ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत किती दिवस राहता येईल ते आय-९४ ठरवतो. तुमची पिटिशन पुढच्या दोन वर्षांची असली, पण पासपोर्ट सहा महिन्यांत संपणार असला, तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच देऊ शकतो. माणूस भारतातून परत येतो, महिन्याभराने वकिलातीतून नवा पासपोर्ट करून घेतो आणि काम झालं असं समजतो. आय-९४वर मात्र जुनीच तारीख असते. कोणी पत्र पाठवत नाही, फोन करत नाही. भाच्याने फोनवर सीमाशुल्क खात्याचं संकेतस्थळ उघडलं, बायकोच्या पासपोर्टचा नंबर टाकला. तारीख पुढच्या महिन्यातली निघाली.

भाचा : बाप रे. पण बघ, दोन मिनिटांत सापडलं. फुकट.

आत्या : विचारलं म्हणून सापडलं.

भाचा : विचारलं ते तू. तू कुठे वकील आहेस!

आत्या : नाही, म्हणूनच मी इथे थांबते. तिने बाहेर जाऊन परत यावं की इथूनच मुदतवाढ मागावी, आधी तिचं करावं की तुझं, हे मी सांगायला लागले तर तो परवान्याशिवाय वकिली केल्याचा गुन्हा. नोकरीत होते तेव्हाही माझं काम कागद जमवायचं आणि फॉर्म तयार करायचं. कुठला फॉर्म भरायचा, हे वकील सांगायचा. तू म्हणतोस ते लेखनिकाचं काम मी करत होते रे. वकील करतो ते दुसरंच.

भाचा : ठीक. मग माझ्या मित्राचं सांग. रुईया कॉलेजची तीन वर्षांची बी.एस्सी., वर पुण्याला सी-डॅकचा डिप्लोमा. कंपनीच्या नामांकित वकिलाने त्याची केस ईबी-२ या ग्रीन कार्डाच्या गटात घातली. पदवी अधिक पाच वर्षांचा अनुभव, असं दाखवून. आय-१४० नाकारला. का, तर तीन वर्षांची पदवी आणि डिप्लोमा यांची बेरीज करून चार वर्षांची अमेरिकी पदवी होत नाही. हे इमिग्रेशनच्या वकिलाला कळू नये?

आत्या : कळायलाच हवं होतं. ही जुनी अडचण आहे, मुंबई-पुण्याच्या कितीतरी पोरांना भोवलेली. त्यातही पर्म आधी लागतो. त्यात नोकरीच्या अटी एकदा लिहिल्या, रविवारच्या पेपरात दोनदा जाहिरात दिली, की मागाहून त्या बदलता येत नाहीत. सगळं पहिल्यापासून. मोठ्या फर्ममध्ये एकेका पॅरालीगलच्या टेबलावर केसेसचा डोंगर असतो. साचा ठरलेला, नाव बदललं की पुढची केस. ठरावीक फी असते, तेव्हा एकेका केसला जितका कमी वेळ तितकं फर्मचं बरं.

भाचा : हे तूच म्हणतेस!

आत्या : मीच म्हणते. वीस वर्षं तेच पाहिलंय. म्हणून तर सांगते, ज्याला फी तू दिलीस त्याला तू विचारू शकतोस, माझा फॉर्म भरणार कोण आणि पाठवण्याआधी वाचणार कोण? कंपनीच्या वकिलाला असं विचारायची तुझी छाती झाली असती?

भाचा : आणि फी घेऊन फसवणारे? मला आठवड्याला दोन फोन येतात. ईबी-१एसाठी 'प्रोफाइल बिल्डिंग' पॅकेज. दहा निकषांपैकी तीन पुरे करायचे. ते म्हणतात, पुरस्कार आम्ही मिळवून देतो, शोधनिबंधात सहलेखक म्हणून नाव घालतो, एखाद्या स्पर्धेला परीक्षक करतो. मोठ्या हुशारांचा व्हिसा, हप्त्यांनी! ओळखीच्या दोघांनी घेतलंय.

आत्या : फोन ठेव. विकत घेतलेला पुरस्कार अधिकाऱ्याला ओळखू येत नाही असं वाटतं का? आणि अर्जावर सही अर्जदाराची असते. खोटेपणा सिद्ध झाला तर फसवणुकीचा ठपका जन्मभर फाइलवर राहतो. पॅकेज विकणारा तोवर दुसऱ्या नावाने दुकान थाटतो.

भाचा : मग एनआयडब्ल्यू, राष्ट्रहिताच्या सवलतीचा मार्ग? तो तरी खरा?

आत्या : कायदेशीर मार्ग आहे. २०१६च्या धनासर निर्णयाने त्याच्या कसोट्या घालून दिल्या. त्यात कंपनी लागत नाही, अर्ज स्वतःचा स्वतः करता येतो. पण विकणारे एक गोष्ट दडवतात. तो ईबी-२चाच प्रकार आहे, भारतीयांना रांग तीच. एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे आपली रांग दहा वर्षांहून जास्त मागे रेंगाळते. तुझी तारीख आधीच लागलेली आहे. एनआयडब्ल्यूने तू रांगेत पुढे जाणार नाहीस. पुढची कंपनी काढेल तेव्हा तुझा अर्ज तुझाच राहील, इतकंच. हे इतकंच पुष्कळांना पुरतं. ते आधी सांगतो तो वकील बरा. दोन वर्षांत ग्रीन कार्ड म्हणणाऱ्याच्या दारातून परत फिर.

भाच्याचं म्हणणं मला सगळं खोडता येत नाही. ग्रीन कार्डाचं नूतनीकरण, सरळसोट नागरिकत्वाचा अर्ज या गोष्टी हजारो माणसं वकिलाशिवाय करतात आणि त्यात काही बिघडत नाही. प्रश्न एवढाच की केस सरळसोट आहे हे ठरवायचं कोणी? आईच्या आजारपणात सात महिने साताऱ्यात राहून आलेल्या ग्रीन कार्डधारकाला आपली केस सरळच वाटते. सलग सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी लागणारं अखंड वास्तव्य तुटलं असं धरलं जातं आणि तसं नव्हतं हे त्याला सिद्ध करावं लागतं.

भाचा : पण रांगच जिथे हलत नाही तिथे वकील काय करणार? जुलै २००७ आठवतो तुला?

आत्या : विसरेन कशी! त्या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये जवळजवळ सगळ्यांच्या तारखा खुल्या केल्या. लोकांनी रातोरात वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या, आम्ही पाकिटं बांधून कुरिअरला दिली. आणि २ जुलैला सरकार म्हणतं, व्हिसे संपले, एकही अर्ज घेणार नाही.

भाचा : मग आपल्या लोकांनी काय केलं? मुन्नाभाईचा सिनेमा आदल्याच वर्षी आलेला. इमिग्रेशन खात्याच्या संचालकाला शेकड्यांनी फुलांचे गुच्छ पाठवले. त्याने ते सैनिकी रुग्णालयांना दिले. पण १७ जुलैला सरकार नमलं, अर्ज घेतले. गांधीगिरीने झालं, वकिलाने नाही.

आत्या : फुलं टीव्हीवर दिसली. वकिलांच्या संघटना त्याच वेळी दाव्याची तयारी करत होत्या, ती दिसली नाही. दोन्हींचं बळ होतं. फुलांनी पेपरात बातमी येते रे. सरकारी खातं दाव्याचाही विचार करतं.

भाचा : बरं, मग गेल्या सप्टेंबरचं काय? २०२५चा, १९ तारखेचा शुक्रवार. एच-१बीवर एक लाख डॉलरची घोषणा. सोमवारी घटस्थापना, किती जण सुट्टी काढून घरी गेलेले. कंपन्यांकडून आणि त्यांच्या वकिलांकडून निरोप : शनिवारी मध्यरात्रीच्या आत परत या. लोकांनी मिळेल त्या भावाने तिकिटं काढली. विमानात बसलेले उतरून गेले. आणि शनिवारी सरकार सांगतं, हे फक्त नव्या अर्जांना! वकिलांनी घाबरवलं फुकटचं.

आत्या : त्या निरोपाबद्दल मी वकिलांना बोल लावणार नाही. घोषणेचा मजकूर इतका मोघम होता की शुक्रवारी रात्री दुसरं काही सांगणं धोक्याचं होतं. पण तो निरोप हजारोंना एकच होता. एकाची आई आयसीयूत, दुसऱ्याचं लग्न चार दिवसांवर, तिसरी सात महिन्यांची गरोदर. त्यांच्यापुरतं बघून सांगणारं कोणी नव्हतं, कारण त्यांचा असा कोणी नव्हताच. कंपनीचा वकील कंपनीचं नुकसान टाळत होता. ते त्याचं कामच आहे.

भाचा : मग माझाच वकील हवा, असं तुझं म्हणणं. समज केला. तोही चुकला तर?

आत्या : तर तक्रार करायला जागा आहे. त्याचा परवाना राज्याच्या बारकडे असतो. १९८८च्या लोझाडा निर्णयाने रीत घालून दिलीय : वकिलाच्या चुकीने केस बुडाली असं म्हणायचं तर प्रतिज्ञापत्र दे, त्या वकिलाला कळव, बारकडे तक्रार केली का ते सांग, नसेल तर का नाही ते सांग. तुझ्या ग्रुपवरच्या ॲडमिनविरुद्ध कुठे जाशील? किंवा तू रात्री फॉर्म दाखवतोस त्या चॅटजीपीटीविरुद्ध?

भाचा : महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात येते ते वकील कसे आहेत? मराठी आहेत म्हणे.

आत्या : असतील चांगले. पण पानभर जाहिरातीने फक्त जाहिरातीचे पैसे भरले एवढंच कळतं. हा केंद्राचा कायदा, त्यामुळे टेक्सासचा परवाना असलेला वकीलही तुझी केस इथे चालवू शकतो. जवळचा आणि आपल्या भाषेतला असला पाहिजे असं नाही. राज्याच्या बारच्या यादीत त्याचं नाव बघ. इमिग्रेशन न्यायालयांचं खातं शिस्तभंगाची कारवाई झालेल्यांची यादी प्रसिद्ध करतं, तीत नाही ना ते बघ. मग भेटीत तो काय विचारतो ते बघ. अटक झाली होती का कधी? पूर्वी कुठला व्हिसा नाकारला का? बाहेर किती काळ होता? असं खोदून विचारणारा बरा. पाच मिनिटांत फीवर येणारा नको. कोऱ्या फॉर्मवर सही मागणाऱ्याला तर नमस्कार कर.

भाचा : अटकेचं मला कशाला विचारतील?

आत्या : तुला नाही. पण दुकानातून वस्तू उचलल्याच्या क्षुल्लक केसमध्ये गुन्हा कबूल करून, दंड भरून सुटलेले मी पाहिलेत. फौजदारी वकील म्हणाला, संपलं. आणि पुढे तीच कबुली इमिग्रेशनमध्ये आडवी आली. २०१०मध्ये पडिला विरुद्ध केंटकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, हद्दपारीचा धोका असेल तर फौजदारी वकिलाने अशिलाला तो सांगितलाच पाहिजे. त्या खटल्यातला माणूस चाळीस वर्षं इथे कायदेशीर राहिलेला, व्हिएतनामच्या युद्धात लढलेला. आणि हद्दपारीची केस उभी राहिली तर सरकार वकील देत नाही. गुन्ह्याच्या आरोपीला देतं, यांना नाही. लहान मूल असलं तरी नाही.

भाचा : म्हणजे ज्याला परवडत नाही त्याने काय करायचं? हे बोल ना. तुझं सगळं तासाला पैसे मोजणाऱ्यांसाठी आहे.

आत्या : सेवाभावी संस्थांमध्ये सरकारने मान्यता दिलेले प्रतिनिधी असतात. वकील नसले तरी त्यांना केस चालवता येते. कमी पडतात, हे खरं. पण मला पैशापेक्षा वाईट अडचण वेगळी वाटते. आमच्या ऑफिसात एक नवरा-बायको यायचे, तो नागरिक, ती त्याच्यामुळे ग्रीन कार्डाला. वकील दोघांचा. एक दिवस ती एकटी आली, बाही ओढून खाली धरलेली. बोलायला लागली तसं वकिलाने तिला थांबवलं. म्हणाला, तुम्ही सांगाल ते मी तुमच्या नवऱ्यापासून लपवू शकत नाही, तोही माझा अशील आहे.

भाचा : हा कसला माणूस!

आत्या : मलाही तेच वाटलं होतं. पण थांबवलं नसतं तर तिचं जास्त वाईट झालं असतं. त्याने तिला दुसऱ्या वकिलाचं नाव दिलं आणि 'मानवी'चा नंबर. दक्षिण आशियाई बायकांसाठी ही संस्था न्यू जर्सीत १९८५ पासून आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याने छळलं तर बायकोला त्याच्या सहीशिवाय स्वतः अर्ज करायची वाट १९९४च्या कायद्याने करून दिलीय. ती त्या वाटेने गेली, असं पुढे ऐकलं. आमच्याकडे तिची फाइल परत आली नाही.

भाचा : बरं. एक तास. एका तासाचा सल्ला विकत घेतो, फॉर्म माझे मी भरणार. सबंध केस कोणाच्या हवाली करणार नाही.

आत्या : एका तासात भागेल असं मला वाटत नाही. पण घे. जाताना नोकरीचं शेवटचं पत्र ने, दोघांचे आय-९४ ने, सगळे जुने मंजुरीचे कागद ने. आणि कंपनीला परतीच्या तिकिटाचं विचारलंस का? मुदतीआधी काढलं तर मायदेशी जाण्याचा वाजवी खर्च द्यायची जबाबदारी त्यांची असते. जाणार नसलास तरी माहीत असू दे. त्यांचा वकील हे कंपनीला सांगेल, तुला नाही.

भाचा : तू येशील ना बरोबर? तुला प्रश्न विचारता येतात.

आत्या : गाडीतून सोडते. आत येणार नाही. वकील आणि अशील यांच्यातलं बोलणं गुप्त राहतं. तिसरं माणूस खोलीत बसलं की ती गुप्तता धोक्यात येते. आत्या असली तरी तिसरीच.

भाचा : मग हिला नेतो. आय-९४ तिचाच आहे.

आत्या : ने की. पण बसण्याआधी विचारा, तो तुमच्या दोघांचा वकील होणार की एकाचा.

भाचा : आणि फी किती ते.

आत्या : तेही. अर्जावर सरकारने आणखी पुरावा मागितला तर त्या उत्तराचे पैसे वेगळे का, तेही. आणि लेखी घे.